शब्दाचा भार : इटालियन भाषेच्या घडणीचा मागोवा

'नाताळ' हा शब्द आपल्या जिभेवर इतका रुळला आहे की, तो कोठून आला याचा विचारही आपल्या मनात येत नाही. पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. त्यांच्या भाषेत तो 'नाताल' होता. त्याच्या मागे लॅटिनमधील 'नातालिस', म्हणजे 'जन्मासंबंधीचा', हा शब्द उभा आहे आणि इटलीत आजही या सणाला 'नाताले' म्हणतात. देश वेगळे, भाषा वेगळ्या; परंतु शब्द उच्चारताना जीभ जेथे स्थिरावते ते ठिकाण एकच, 'ता'. आपल्या 'इगर्जी'च्या घराण्याची गोष्टही अशीच आहे. ग्रीकमधून लॅटिनमध्ये आलेल्या 'एक्लेसिया' या शब्दापासून पोर्तुगीजांचा 'इग्रेजा' झाला आणि इटालियनांचा 'किएझा' झाला. कानाला हे दोन शब्द सख्खे भाऊ वाटत नाहीत. तरीही लॅटिन 'एक्लेसिया'तील 'क्ले' या अक्षरावर जो भार होता, तो एकीकडे 'ग्रे'वर आणि दुसरीकडे 'किए'वर कायम आहे.

शब्दाचा आरंभ झिजतो, शेवट गळून पडतो, व्यंजने एकमेकांत मिसळतात. परंतु ज्या अक्षरावर बोलणाऱ्याच्या श्वासाचा भार पडतो, ते अक्षर सहसा मरत नाही. इटालियन भाषेचा दोन हजार वर्षांचा इतिहास या एका वाक्यात सांगता येईल. हा भार कोणत्याही पंडिताने जपला नाही. शेतकऱ्यांनी, गवंड्यांनी, दायांनी तो बोलता बोलता सांभाळला. ख्रिस्तसभेची उपासना आणि लोकांची बोली यांच्या संबंधांवरही या इतिहासाने बराच प्रकाश पडतो, म्हणून या लेखात आम्ही त्याचा थोडक्यात मागोवा घेणार आहोत.

लॅटिनचा वारसा

लॅटिनमध्ये आघाताचा नियम सोपा होता आणि वृत्तांची ओळख असलेल्या मराठी वाचकाला तो चटकन समजेल. शब्दातील उपांत्य अक्षर गुरू असेल तर भार त्याच्यावर पडे. ते लघू असेल तर भार एक पायरी मागे, त्याच्या आधीच्या अक्षरावर जाई. 'आमीकुस' (मित्र) या शब्दात 'मी' गुरू आहे, म्हणून भार 'मी'वर. 'आनिमा' (आत्मा) या शब्दात 'नि' लघू आहे, म्हणून भार आरंभीच्या 'आ'वर.

पुढे रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात लोकांच्या बोलण्यातून ऱ्हस्व-दीर्घाचा हा जुना भेद नाहीसा झाला. ज्या कारणाने भार ठरत होता ते कारणच उरले नाही. तरीही भार हलला नाही. 'आमीकुस'चा 'आमीको' झाला, 'आनिमा' जशीच्या तशी राहिली. 'एपिस्कोपुस' (बिशप) या शब्दातील 'पि'वर भार होता; त्याच्या आधीचा 'ए' गळाला, 'प'चा 'व' झाला आणि आजचा 'वेस्कोवो' तयार झाला; भार अजूनही त्याच जागी, म्हणजे आता पहिल्या, 'वे' या अक्षरावर आहे.

इटालियन व्याकरणकारांनी भाराच्या जागेवरून शब्दांना मोठी बोलकी नावे दिली आहेत. उपांत्य अक्षरावर भार असलेला शब्द 'पियाना', म्हणजे सपाट. बहुसंख्य शब्द या जातीचे आहेत. उपांत्यपूर्व अक्षरावर भार असलेला शब्द 'झ्द्रुच्चोला', म्हणजे घसरता. 'आनिमा', 'वेस्कोवो', 'आंजेलो' (देवदूत), 'आपोस्तोलो' (प्रेषित) हे असे घसरते शब्द होत. अंत्य अक्षरावर भार असेल तर तो शब्द 'त्रोंका', म्हणजे छाटलेला.

'छाटलेला' हे नाव अगदी शब्दशः खरे आहे. इटालियनमध्ये नगराला 'चित्ता', प्रीतीला किंवा दयाधर्माला 'कारिता', सत्याला 'वेरिता' आणि सद्‌गुणाला 'विर्तू' म्हणतात. या सर्वांत भार शेवटच्या स्वरावर आहे आणि तो दाखवण्यासाठी त्या स्वराच्या डोक्यावर एक तिरपी रेघ काढतात. हा भार आधी शेवटी नव्हता. लॅटिन 'कीविताते'पासून 'चित्तादे' झाले आणि 'चित्तादे'चे शेवटचे अक्षर गळून 'चित्ता' उरले. 'विर्तूते'चे 'विर्तू' झाले. दांतेच्या काळी लांब आणि आखूड अशी दोन्ही रूपे वापरात होती. उपांत्य अक्षर आपल्या जागी उभेच होते. पुढचे अक्षर पडले, म्हणून ते अंत्य झाले. अशा शब्दांवरील ती रेघ म्हणजे गळून गेलेल्या अक्षराच्या जागी ठेवलेली खूणच म्हणावी लागेल.

शब्दाच्या पोटातील भार मात्र इटालियन लेखनात सहसा दाखवत नाहीत. 'आंकोरा' या शब्दात 'आं'वर भार दिला तर अर्थ होतो 'नांगर', 'को'वर दिला तर अर्थ होतो 'अजून'. लिहिताना दोन्ही शब्द एकसारखे दिसतात. कोणता कोठे, हे सांगायला कान लागतो आणि तो कान आईच्या किंवा शेजाऱ्यांच्या सहवासात तयार होतो. भाषेचा हा सर्वांत टिकाऊ भाग कागदावर जवळजवळ नसतोच, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

शिवीपासून स्तुतीपर्यंत

बोली बदलली आहे हे लोकांच्या आधी धर्माधिकाऱ्यांना जाणवले, कारण प्रवचन समजेनासे झाले होते. इ. स. ८१३ मध्ये फ्रान्समधील तूर्स येथे भरलेल्या धर्मसभेने, प्रवचने लोकांना समजतील अशा गावठी रोमन बोलीत किंवा जर्मन बोलीत सांगावीत, असा ठराव केला. इटलीत इ. स. ९६० मध्ये कापुआ येथील एका निवाड्यात, मोंते कासिनोच्या मठाच्या जमिनीविषयी साक्षीदारांनी दिलेली जबानी त्यांच्याच बोलीत नोंदली गेली. आजूबाजूचा सारा मजकूर लॅटिन आणि मध्येच साक्षीदाराचे ते एक वाक्य. इटालियनच्या जन्माचा दाखला म्हणून अभ्यासक त्याचाच निर्देश करतात.

त्याहून बोलका पुरावा रोममधील संत क्लेमेंत यांच्या मंदिरात आहे. तेथील जुन्या, आता जमिनीखाली असलेल्या मंदिरात अकराव्या शतकाच्या अखेरचे एक भित्तिचित्र आहे. सिसिन्नियुस नावाचा रोमन सरदार संत क्लेमेंत यांना पकडण्याची आज्ञा आपल्या नोकरांना देतो. परंतु त्यांची बुद्धी भ्रमते आणि संतांऐवजी ते एक दगडी खांब ओढू लागतात. चित्रात पात्रांच्या जवळच त्यांचे शब्द लिहिले आहेत. सरदार शिवी हासडून 'ओढा' म्हणतो, ते लोकभाषेत. संतांचे उद्गार मात्र लॅटिनमध्ये. लवकरच हे मंदिर भराव घालून बुजवण्यात आले आणि वर नवे बांधले गेले. १८५७ मध्ये आयरिश डोमिनिकन धर्मगुरू जोसेफ मलूली यांनी उत्खनन सुरू केले, तेव्हा ते पुन्हा उजेडात आले. चित्रकाराच्या मनातली वाटणी त्यात स्वच्छ दिसते. पवित्र ते लॅटिन, रांगडे ते लोकांचे.

ही वाटणी मोडली ती असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी. १२२४-२५ च्या सुमारास, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्यांनी आपल्या उंब्रिया प्रांताच्या बोलीत सृष्टीचे स्तोत्र रचले. ज्याचा कर्ता निश्चित ठाऊक आहे असे इटालियन साहित्यातील हे सर्वांत जुने लेखन समजले जाते. सूर्याला ते 'फ्राते' म्हणतात, चंद्राला 'सोरा' म्हणतात. भाऊ आणि बहीण. १२२६ मध्ये मृत्यू समीप आला तेव्हा त्यांनी त्याच स्तोत्रात मरणालाही बहीण म्हणून सामावून घेतले.

या दोन शब्दांचा पुढील प्रवास शब्दसिद्धीच्या दृष्टीने मोठा मनोरंजक आहे. इटालियनला लाडाच्या आणि आकाराच्या प्रत्ययांची फार हौस. 'लिब्रो' म्हणजे पुस्तक. छोटे ते 'लिब्रेत्तो', जाडजूड ते 'लिब्रोने', टाकाऊ ते 'लिब्राच्चो'. गंमत अशी की प्रत्यय लागताच भार मूळ शब्दावरून उठतो आणि प्रत्ययावर जाऊन बसतो. 'फ्राते'ला '-एल्लो' हा लाडाचा प्रत्यय लागून 'फ्रातेल्लो' झाला. घरात सख्ख्या भावाला हेच लाडाचे नाव कायम झाले आणि मूळचा 'फ्राते' मठातील धर्मबंधूंकडे गेला. 'सोरेल्ला' ही घरची बहीण, 'सुओरा' ही धर्मभगिनी. फ्रान्सिस यांच्या काळी हा भेद पक्का झाला नव्हता. त्यांनी सूर्याला 'फ्राते' म्हटले तेव्हा ऐकणाऱ्याला घर आणि मठ हे दोन्ही एकाच शब्दात भेटत होते.

पायावरून पाऊलखुणेकडे

भार आणि शब्दसिद्धी यांचे नाते आणखी एका ठिकाणी दिसते आणि तेथे मराठी वाचकाला घरच्यासारखे वाटेल. इटालियन अक्षर स्वरात संपले तर ते मोकळे, व्यंजनात संपले तर बंद. 'पा-द्रे' (पिता) यात 'पा' मोकळे आहे; 'सान्-तो' (संत) यात 'सान्' बंद आहे. देवनागरीत आपण जोडाक्षर लिहितो, त्यामुळे अक्षराची ही सीमा डोळ्यांना दिसत नाही. कानाला मात्र ती ऐकू येते. तोस्काना प्रांताच्या बोलीत, भार असलेल्या मोकळ्या अक्षरातील ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' हे लॅटिन स्वर फुलून दुहेरी झाले. 'पेदे'चा 'पिएदे' (पाय) झाला, 'नोवो'चा 'नुओवो' (नवा) झाला, 'फोको'चा 'फुओको' (अग्नी) झाला. परंतु प्रत्यय लागून भार पुढे सरकला की स्वर पुन्हा आखडतो. 'पिएदे'पासून 'पेदाता' (पाऊलखूण), 'नुओवो'पासून 'नोविता' (नावीन्य), 'फुओको'शी नाते सांगणारा 'फोकोलारे' (चूल).

शाळेत शुद्धलेखनाचे नियम घोकताना आपण काय शिकलो? 'फूल' परंतु 'फुलाला', 'दूध' परंतु 'दुधाचा', 'गरीब' परंतु 'गरिबांना'. अकारान्त शब्दाचा उपांत्य इकार-उकार दीर्घ असतो आणि शब्द पुढे वाढला की तो ऱ्हस्व होतो. दोन भाषांमधील कारणे नेमकी एक नाहीत; परंतु शब्दाला पुढे वजन जोडले की मागचा स्वर अंग चोरतो, हा अनुभव दोन्हींकडे आहे.

क्रियाविशेषणांचा '-मेन्ते' हा प्रत्ययही असाच पाहण्याजोगा. 'क्यारामेन्ते' म्हणजे स्पष्टपणे. हा 'मेन्ते' मुळात प्रत्यय नव्हताच. तो लॅटिनमधील 'मन' या अर्थाचा स्त्रीलिंगी शब्द. 'स्वच्छ मनाने' असे दोन शब्द होते, ते एकजीव झाले. 'मन' स्त्रीलिंगी म्हणून आधीचे विशेषणही स्त्रीलिंगी, आणि भार अजूनही 'मेन्'वरच. आपणही 'मनापासून', 'एकचित्ताने' असे म्हणतोच. इटालियनने त्या मनाचा प्रत्यय करून टाकला एवढेच.

कवी, कार्दिनल आणि व्यापारी

दांते अलिघिएरी याने १३०३ ते १३०५ च्या सुमारास लोकभाषेच्या थोरवीवर एक ग्रंथ लिहिला, आणि विद्वानांना पटावे म्हणून तो लॅटिनमध्येच लिहिला. दाईच्या तोंडून, कोणताही नियम न शिकता जी भाषा आपण उचलतो ती श्रेष्ठ, असे त्याचे प्रतिपादन. अकरा अक्षरांची ओळ त्याला सर्वांत भारदस्त वाटे. या ओळीचे गणित भारावर चालते. दहाव्या स्थानी भार हवाच. शेवटचा शब्द सपाट असेल तर त्यानंतर एक अक्षर येऊन अकरा होतात. छाटलेला असेल तर दहाच राहतात. घसरता असेल तर बारा होतात. तरीही ओळ एकाच मापाची मानतात. 'दिव्य कॉमेडी'च्या १४,२३३ ओळी या मापाने बांधल्या आहेत. दांतेचे निधन १३२१ मध्ये झाले. नरकापासून स्वर्गापर्यंतचा सारा प्रवास त्याने दाईच्या भाषेत करून दाखवला.

व्यासपीठावर हीच भाषा संत बेर्नार्दिनो यांनी गाजवली. १४२७ मध्ये सिएना नगराच्या मोठ्या चौकात त्यांनी सलग पंचेचाळीस प्रवचने दिली. कापड कातरण्याचा धंदा करणारा बेनेदेत्तो नावाचा एक सिएनाकर रोज समोर बसे आणि मेणाच्या पाट्यांवर त्यांचा शब्दन्‌शब्द टिपून घेई. मग दुकानात परतून कागदावर उतरवी. बायको-मुलांचा संसार, पैशांची चणचण, तरीही तेवढे दिवस त्याने आपले काम बाजूला ठेवले. प्रवचनकाराने मध्येच कोणाला हटकले, कोणाला उठवले, तेही त्याने गाळले नाही. पंधराव्या शतकातील इटलीचा जिवंत आवाज आज आपल्याला ऐकू येतो तो या कारागिरामुळे.

त्यानंतरचे काम पंडितांचे. १५२५ मध्ये पिएत्रो बेंबो यांचा लोकभाषेच्या गद्यावरील ग्रंथ व्हेनिसला छापला गेला. शब्दातील भाराच्या जागेवरून ओळीला गांभीर्य येते की माधुर्य, याची चिकित्सा त्यांनी केली. हेच बेंबो १५३९ मध्ये कार्दिनल झाले. १५८३ मध्ये फिरेंत्से नगरात क्रुस्का अकादमी स्थापन झाली आणि १६१२ मध्ये तिचा शब्दकोश निघाला. 'क्रुस्का' म्हणजे कोंडा. कोंडा पाखडून भाषेचे शुद्ध पीठ वेगळे करण्याची प्रतिज्ञा त्या नावात होती.

अकादमी स्थापन झाली त्याच वर्षी फिरेंत्सेचाच एक व्यापारी, फिलिप्पो सास्सेत्ती, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. १५८८ मध्ये गोव्यातच त्याचा अंत झाला. मायदेशी धाडलेल्या पत्रांत त्याने एक निरीक्षण नोंदवले आहे. येथील पंडितांच्या संस्कृत भाषेतील सहा, सात, आठ, नऊ हे अंक, तसेच देव आणि सर्प हे शब्द त्याच्या भाषेतील शब्दांसारखे आहेत, असे त्याला आढळले. भाषाकुलाची कल्पना विद्वानांच्या मनात रुजायला तेव्हा दोन शतके बाकी होती.

सास्सेत्तीच्या सूत्राला धरून आपण एक पाऊल पुढे जाऊ. लॅटिन 'सेप्तेम'चा इटालियनमध्ये 'सेत्ते' झाला. संस्कृत 'सप्त'चा प्राकृतात 'सत्त' झाला. 'ओक्तो'चा 'ओत्तो', 'अष्ट'चा 'अट्ठ'. भिन्न व्यंजनांची जोडी दोन्हींकडे सारख्याच रीतीने द्वित्त झाली. इटालियन तेथेच थांबली आणि तिने ते द्वित्त जिवापाड जपले. 'सेते' म्हणजे तहान आणि 'सेत्ते' म्हणजे सात, हा फरक तेवढ्या द्वित्तावर उभा आहे. मराठी पुढे गेली. तिने एक व्यंजन टाकले आणि त्याचे वजन आधीच्या स्वराला दिले. 'सत्त'चा 'सात', 'अट्ठ'चा 'आठ', 'भत्त'चा 'भात'. वजन वाया कोणीच जाऊ दिले नाही.

भाषा कोणाची?

इतके कोश, इतके काव्य झाले, तरी १८६१ मध्ये इटली एक राष्ट्र झाली तेव्हा इटालियन बोलू शकणारे लोक मूठभर होते. तुल्लिओ दे माउरो या अभ्यासकाच्या अंदाजाने ते शेकडा अडीच. आर्रिगो कास्तेल्लानी यांच्या मते शेकडा दहाच्या आसपास. बाकीचे आपापल्या बोलीत जगत होते आणि तीन-चतुर्थांशांहून अधिक प्रजा निरक्षर होती. श्रद्धावंत कादंबरीकार आलेस्सांद्रो मांझोनी यांनी आपली प्रसिद्ध कादंबरी १८२७ मध्ये छापल्यावर पुन्हा हाती घेतली आणि फिरेंत्सेच्या जिवंत बोलण्याशी जुळवून १८४० ते १८४२ मध्ये नव्याने प्रसिद्ध केली. पुस्तकी भाषेला पुन्हा मुखाकडे नेण्याची ही धडपड होती.

गरिबाच्या तोंडी शब्द नसणे हा अन्याय आहे, हे विसाव्या शतकात ठणकावून सांगितले ते एका धर्मगुरूने. फादर लोरेंझो मिलानी यांची १९५४ च्या अखेरीस बार्बियाना या डोंगरी वस्तीवर रवानगी झाली. तेथे त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली आणि शब्दांवर प्रभुत्व मिळवणे हाच तिचा मुख्य विषय ठेवला. १९६७ मध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेल्या पुस्तकाने इटलीची शिक्षणव्यवस्था हादरली. त्याच वर्षी फादर मिलानी निवर्तले. त्यांच्या हयातीत त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले होते. पोप फ्रान्सिस यांनी २० जून २०१७ रोजी बार्बियानाला जाऊन त्यांच्या कबरीपाशी प्रार्थना केली.

याच काळात उपासनेची भाषाही बदलली. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध करून लोकभाषांना दार उघडले आणि ७ मार्च १९६५ रोजी पोप सहावे पॉल यांनी रोममधील ओन्यिस्सांती या धर्मग्रामात इटालियन भाषेत मिस्सा अर्पण केला. त्याच नगरातील संत क्लेमेंत यांच्या मंदिरात ज्या भाषेला चित्रकाराने फक्त शिवीपुरते स्थान दिले होते, ती साडेआठशेहून अधिक वर्षांनी वेदीवर पोहोचली.

आपल्याकडे त्या वाटेने फादर थॉमस स्टीफन्स फार पूर्वी गेले. हे इंग्रज गृहस्थ १५७५ मध्ये रोममध्ये येशूसंघात दाखल झाले, १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले. प्रभूची कथा येथील माणसाच्या कानाला परकी वाटू नये म्हणून त्यांनी येथलीच ओवी घेतली.

मराठी वेदीवर आली याचा आनंद आम्हाला आहेच. परंतु इटलीचा इतिहास वाचताना एक काळजी मनातून जात नाही. आपल्या घरांत केवळ प्रमाण मराठी नव्हती. वसईची कादोडी आहे, वाडवळी आहे, मुंबई-ठाण्याकडील ईस्ट इंडियनांची बोली आहे. या बोलींत शब्दाचा भार कोठे पडतो, कोणता स्वर लांबतो, प्रश्न विचारताना वाक्य कोठे उंचावते, हे कोणत्याही कोशात सापडणार नाही. लेखनात ते उतरत नाही. 'आंकोरा' या शब्दासारखे ते फक्त कानाला ठाऊक असते. घरातील मुले इंग्रजीतून प्रार्थना म्हणू लागली आणि आजीचे बोलणे ऐकणारे कोणी उरले नाही, तर शतकानुशतके टिकलेला तो भार एका पिढीत हरवेल.

क्रुस्कासारखी अकादमी आपल्या छोट्या समाजाला परवडणार नाही आणि तिची तशी गरजही नाही. सिएनाच्या त्या कापड कातरणाऱ्यापाशी मेणाच्या पाट्या होत्या. आपल्यापाशी आवाज टिपणारी यंत्रे घराघरांत आहेत. लग्नातील गाणी, मृत्यूनंतरची विलापगीते, शेतावरची बोलणी, आजीची रोजरीनंतरची पुटपुट हे सारे जसेच्या तसे, न सुधारता, टिपून ठेवणारा एक माणूस गावागावांतून उभा राहिला तर पुष्कळ काम होईल. त्यासाठी त्याला पंडित असण्याची आवश्यकता नाही. थोडे दिवस आपले काम बाजूला ठेवून ऐकत बसण्याची तयारी तेवढी हवी.